पाण्याचा कॅन

आमच्या मुनिराला एक खोड आहे. टाकलेली वस्तू दिसली की हिचे हात शिवशिवतात. बारामती एमआयडीसीतल्या दूध प्लांटवर ती साफसफाईची सुपरवायझर, मी तिथंच ऑफिसात. कचरा वेगळा करून रिसायकलिंगला द्यायचं तिनं मनावर घेतलं तेव्हा सगळे हसले. मीही म्हटलं, "बाई, तुला दुसरी कामं नाहीत का?" पण ही कुठली ऐकायला! बघता बघता पुठ्ठा वेगळा, पिशव्यांचं प्लास्टिक वेगळं, अ‍ॅसिडचे कॅन वेगळे.

दुधाचे पाइप धुवायला अ‍ॅसिड लागतं, त्याचे हे कॅन. आधी भिंतीमागं वास मारत पडलेले असायचे, कुणी जवळ फिरकत नसे. मुनिरानं ते बायकांकडून पुन्हा पुन्हा विसळून घेतले, लेबलं खरवडली, पालथे घालून रांगेनं मांडले. भंगारवाल्याची अटच तशी होती. एवढे चकाचक दिसायला लागले, की मॅनेजरनं फोटो काढून वरच्या साहेबांना पाठवले.

मग एका दुपारी रांगेत एक कॅन कमी.

"साखरबाईनं नेला काल," गेटवरचा सौरभ म्हणाला. "घरी पाण्याला होईल म्हणली."

मुनिराचं तोंड पांढरंफटक पडलं. साखरबाई आमच्याकडं झाडलोटीला. राहायला इंदापूरकडच्या कळस गावाला, आणि त्या दिवशी तिची सुट्टी. फोन बंद.

"कुणी नीट विसळला आसंल, कुणी नुसतं पाणी दावलं आसंल. मी काय सगळ्यांच्या मागं हुबी व्हते? अगं, घरात नात हाय तिची!"

मी स्कूटी काढली. मेल्या उसाच्या ट्रॉल्या नेमक्या तेव्हाच आडव्या यायच्या होत्या! मी त्यांना शिव्या देत होते, आणि मागं ही एकसारखी पुटपुटत होती, "या अल्ला, पोरीला संभाळ."

साखरबाईच्या दारात तोच कॅन, तोंडापर्यंत भरलेला, वर स्वच्छ फडकं बांधलेलं. आम्हाला बघून बाई हरखली. "करुणा, पावण्यांना पाणी आण गं." चिमुरडी नात तांब्या घेऊन आली. मुनिरानं तो हिसकावला आणि अंगणात ओतून दिला.

साखरबाईचा चेहरा एकदम उतरला. आत भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता, तिकडं बघत ती म्हणाली, "आमचं पाणी ओततीस? तू बी, मुनिरा? लोकांचं ठावं हाय आमाला. तुज्याकडनं असं वाटलं नव्हतं."

"पाण्याचं न्हाय हो, मावशी, कॅनचं! अ‍ॅसिडचा हाय त्यो! करुणा प्याली का ह्यातलं?"

"सकाळधरनं समदी तेच पितोय."

कुणाची तरी जीप मिळाली, सगळ्यांना इंदापूरला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "कसलं अ‍ॅसिड? कॅन दाखवा." कॅन होता, पण नाव वाचायला लेबल कुठं होतं? मुनिरा खाली मान घालून उभी. मी प्लांटला फोन लावून नाव विचारलं. डॉक्टरांनी एकेकाचं तोंड, घसा, पोट तपासलं. बऱ्याच वेळानं म्हणाले, घाबरू नका, पण आजची रात्र इथंच राहा.

करुणा बिस्किट मागायला लागली तेव्हा कुठं माझ्या जिवात जीव आला. मुनिराला मात्र राग आवरेना. "मावशी, मला इचारायचं तरी!"

"काय इचारायचं?" साखरबाई शांतपणे म्हणाली. "इतकी वर्सं ते कॅन घाणीत लोळत व्हते, कुणी हात लावला का? तू धुतलंस, पुसलंस, वळीनं मांडलंस. म्हणून तर नेला."

दुसऱ्या दिवशी कामावर येताच मुनिरानं पहार घेतली आणि मॅनेजर ओरडत असताना एकेका कॅनच्या बुडाला भोक पाडत सुटली.