सागाचा घन

सोनोने मॅडमनी मला सांगितलेलं पहिलं काम म्हणजे, “मिस्त्री, सागाचा घन करून द्या.” मी दांडा बसवून अस्सल घण करून दिला. आमच्या तेल्हाऱ्यात न आणि ण एकाच ताटात जेवतात. मॅडम अमरावतीच्या, गणिताच्या. तो लाकडी हातोडा धरून इतक्या हसल्या, की शेजारचा सदाशिव टेलर कात्रीसकट बाहेर आला.

“याने कोणाले मारू? घन म्हणजे सगळ्या बाजू सारख्या असलेला ठोकळा!”

“मंग ठोकळा म्हना ना,” मी म्हणालो. मी चौथी नापास. पण चूक माझी नव्हती.

तेव्हापासून रोज सकाळी सात ते आठच्या दरम्यान, घरापुढच्या माझ्या उघड्या दुकानात तिघांचा चहा. पहिला येईल त्याने स्टोव्ह पेटवायचा, शेवटच्याने कप विसळायचे. विसळायचो रोज मीच.

“माह्या नशिबातच खोट हाय.”

“नशीब नाही. कोणी ठरवून येत नसेल, तर तुमची पाळी तीन दिवसांतून एकदाच.”

“दाखवा मले. पटलं तर जलमभर कप मीच विसळीन.”

मॅडमनी ठोकळा घेतला. “लांबी म्हणजे तुमची वेळ, रुंदी सदाशिवभाऊंची, उंची माझी. या कोपऱ्यात तिघांचेही सात वाजलेत. रोजची सकाळ म्हणजे लाकडातला एक ठिपका. तुम्ही शेवटी आलात ते सगळे ठिपके एका तुकड्यात. असे तीन तुकडे, तिन्हींची टोकं सातच्या कोपऱ्यात.”

दोन ठोकळे वाया गेले. करवत लाकडाच्या मध्येच वळवता येत नाही. “एकातूनच कावून काढता? तीन ठोकळे घ्या, एकेकातून एकच तुकडा,” मॅडम म्हणाल्या. घेतले. तुकडे जुळवले, फटीत केस जाईना. तिन्ही हुबेहूब सारखे!

“मंग रोज मीच कावून?”

“घरून निघता कधी?”

“स्टोव्हपाशी तुमचा दोघांचा आवाज आला की.”

सदाशिव खाली बसून हसला. “घन खरा, मिस्त्री. लबाड तुम्ही!”

निवृत्तीनंतर मॅडम अमरावतीला गेल्या. जाताना एकेक तुकडा वाटून घेतला. दिवाळीनंतर आम्ही तिथे जाऊन घन जुळवतो. यंदा सदाशिवला न सांगता मी पहिली एसटी धरली. गॅस मी पेटवला. तास उलटल्यावर तो आला. चहा झाला, आणि कपही मीच उचलले. शब्द म्हणजे शब्द.

“पहिलेही तुम्ही, शेवटचेही तुम्ही,” मॅडम म्हणाल्या. “तिघं एकदम आले तरच असं होतं. ते ठिपके फक्त मधल्या रेषेवर, जिथे तिन्ही तुकडे एकमेकांना टेकतात.”

“मंग तिथं सरस लावून देऊ? सुटनारच नाही.”

“नको,” त्या म्हणाल्या. “मग तुम्ही येणार कशाला?”