टेबलावर जेवणाबद्दल बोलायचं नाही

किस्से मी जमवत नाही. गुरुग्रामच्या हॉस्पिटलमधली ड्यूटी संपवून मेट्रोत उभी राहिले की आधी पाय बोलायला लागतात, आणि त्यांच्यामागून एकेक किस्सा येतो. आमच्या वॉर्डात खाण्याशी भांडण झालेल्या मुली असतात. आम्ही नर्सेस त्यांच्याबरोबर टेबलावर बसतो, तेच जेवतो, जेवणानंतरही त्यांना एकटं सोडत नाही.

लग्न ठरताना नवऱ्याला हे सांगितलं, तर तो म्हणाला, "म्हणजे तुला जेवायचा पगार मिळतो?"

मागच्या आठवड्यात घरी आले आणि बूट न काढताच सोफ्यावर झोपले. त्याने बूट काढले. म्हणाला, "आज जास्त जेवलीस वाटतं."

*

टेबलाचा नियम: जेवण, वजन, अंग, यांचा विषय काढायचा नाही. मग वेळ जावा म्हणून मी मुलींना नाव-गाव-फळ-फूल शिकवलं. आमच्या हेड नर्स मर्सी सिस्टर केरळच्या. ऐकून म्हणाल्या, "फल कैंसल."

एका मुलीने गाव लिहिलं, नागपूर. दुसरी म्हणाली, "सिस्टर, मला संत्री आठवतात."

"नागपूर भी कैंसल."

*

ही सवय घरीही येते. सासू-सासरे दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहतात. रविवारी सासूबाई म्हणाल्या, "किती वाळलीस गं. चलो, अजून एक पोळी घे."

माझ्या तोंडून निघून गेलं, "आई, टेबलावर जेवणाबद्दल बोलायचं नसतं."

सासरे म्हणाले, "मग आपण बोलायचं तरी काय?"



*

सायली एका सुभेदारांची मुलगी. दिल्लीत कॉलेजसाठी होस्टेलवर राहायची. तिथे तिचं खाणं सुटत गेलं आणि कोणाला कळलं नाही. वडील सीमेवरून रोज फोन करून विचारत, "जेवलीस का?" ती रोज सांगे, "हो बाबा." कॉलेजात चक्कर येऊन पडली तेव्हा तो "हो" उघडा पडला.

आमच्याकडे जरा सावरत होती, तेवढ्यात तिच्या मावशी भेटायला आल्या. "अगं बाई, काय छान गाल भरलेत!"

सायलीला त्यातून 'जाड झालीस' एवढंच ऐकू आलं; त्या संध्याकाळी तिचं ताट तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशीही. असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल, असं डॉक्टर म्हणाले.

मावशी रडकुंडीला आल्या. "मी चांगलंच बोलले हो."

मर्सी सिस्टर म्हणाल्या, "अच्छा ही बोला, दीदी. अब मौसम पे बोलो."

*

सुभेदारांनाही सांगितलं, "जेवलीस का" बंद. "जी, सिस्टर," म्हणाले. पुढच्या व्हिडिओ कॉलवर त्यांची नजर मुलीच्या डोक्यावरच्या पंख्याकडे गेली. विचारलं, "पंखा चालू आहे का?"

"हो बाबा."

"बरं." कॉल संपला.

मग रोज पंखा. दिल्लीत थंडी पडली, स्वेटर निघाले, तरी पंखा.

परवा दुपारी सायली ताटासमोर खूप वेळ बसली होती. मी शेजारीच. तिने उरलेलं झाकलं, आणि फोन वाजला.

"पंखा चालू आहे का?"

ती म्हणाली, "बाबा, ते विचारा ना."

"काय?"

"आधी विचारायचात ते."

सुभेदारांनी स्क्रीनवरून माझ्याकडे पाहिलं. मी मानेनेच हो म्हटलं.

"जेवलीस का?"

"अर्धं."

त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. पुन्हा घातली.

"बरं," ते म्हणाले. "आता पंखा बंद कर. थंडी आहे."