लुक डाउन अपॉन

दिग्रसच्या जिनिंगमध्ये कापसाची पोती उचलणारा उकंडा मुनेश्वर मॅट्रिक पास आहे, आणि तोही इंग्रजीत चांगल्या मार्कांनी, हे सांगून नवख्याला पटत नाही. मला तर ते आठवलं की आजही डोकं फिरतं.

उकंडा आमच्या बोरी अरबचाच. छप्पन्न साली घरादारानं बौद्ध धर्म घेतला तेव्हा बापानं त्याला बजावलं, "आता तू सायबाची भाषा शिक." तो शिकला. पण इंग्रजीतली जोडक्रियापदं त्याला फार छळायची. 'लुक'पुढे 'आफ्टर' आला की सांभाळणं, 'फॉर' आला की शोधणं. ही भानगड त्यानं आपल्या परीनं सोडवली होती: 'अप' म्हणजे वर, 'डाउन' म्हणजे खाली, बाकी मराठीनं जुळवून घ्यायचं.

एकसष्ट साली मी मराठी शिकवायचो त्या शाळेत इंग्रजीच्या मास्तराची जागा निघाली. उकंडानं इंग्रजीतून अर्ज केला. साहेब वर, आपण खाली, तेव्हा त्यांनी वरून कृपादृष्टी टाकावी म्हणून शेवटी लिहिलं, 'काइंडली लुक डाउन अपॉन माय ॲप्लिकेशन.'

मुलाखतीला मीही बसलो होतो. शाळेच्या सेक्रेटरींनी ते वाक्य त्याच्यासमोर मोठ्यानं वाचलं. मंडळी पोट धरून हसली. "यांना म्हणे इंग्रजी शिकवायचंय!" त्या 'यांना'त काय काय भरलं होतं, ते मला नीट ऐकू आलं.

दुसरा उमेदवार सेक्रेटरींचा भाचा. त्यानं लिहिलं होतं, मी मुलांना 'ब्रिंग डाउन' करीन. मुलांना वाढवायचं तर 'ब्रिंग अप'. हा पठ्ठ्या त्यांना खाली पाडायला निघाला होता. मी सेक्रेटरींच्या तोंडावर तसं बोललो.

"नवीन आहे, शिकेल हळूहळू," सेक्रेटरी म्हणाले. "तुम्ही आपलं मराठी पाहा."

जागा भाच्याला मिळाली.

उकंडा बाहेर थांबला होता. "गुरुजी, माहं काय चुकलं? सारे काहून हासले?"

खोटं बोलवेना. म्हटलं, "बाबा, 'लुक डाउन अपॉन' म्हणजे कृपादृष्टी नाही. तुच्छ लेखणं."

"म्हणजे मले तुच्छ समजा, असं लिवलं मी?"

"हो."

"मंग अर्ज तर मंजूर झाला माहा, गुरुजी."