टोळ उडून जाईल

फोटोच्या दुकानात किस्से साठायला वेळ लागत नाही. सीताबर्डीच्या दुकानातले आम्ही जुने नोकर आजही भेटलो, की मालक नानाजींचा विषय निघतोच. सुरुवात हसण्यानं होते आणि मग कुणीतरी उगाच विड्याचं पान जुळवायला लागतो.

नानाजींना किड्यांचा नाद. कॅमेऱ्याचा भाता पार ओढून लांब करायचा, भिंग किड्याच्या तोंडाशी न्यायचं आणि नखाएवढ्या जिवाचा हातभर फोटो काढायचा. एकदा महालातून एक कुटुंब लग्नाच्या मुलीला घेऊन आलं. मुलगी नटूनथटून बसलेली, आणि कॅमेरा खिडकीतल्या कोळ्याकडे वळलेला! मुलीचे वडील तापले.

"पोरगी बसून राहीन जी," काळ्या फडक्याखालून नानाजी म्हणाले, "कोळी काही बसून राहत नाही."

ते लोक उठून दुसऱ्या दुकानात गेले.

*

सिव्हिल लाइन्समध्ये साहेबलोकांनी प्रदर्शन भरवलं. नानाजींनी चतुराच्या पंखाचा फोटो कलेच्या विभागात पाठवला. आम्ही धुतलेले कपडे घालून बघायला गेलो. चित्रांत तो नव्हताच. शेवटी सापडला शेतकी विभागात, खताच्या पोत्यांशेजारी. खाली पाटी होती, 'संत्र्यावरील कीड'.

नानाजींनी पाटी वाचली. "चतुर संत्रं खात नाही," एवढंच बोलले. त्या दिवशी ते जेवले नाहीत, आणि वहिनीही नाहीत.

*

वहिनी म्हणजे नानाजींची बायको. किडा बसलेली गवताची काडी वाऱ्यानं हलली की फोटो पुसट येतो, म्हणून काडी धरायला त्या लागायच्या. दुकानामागच्या अंगणात उन्हात उकिडव्या बसायच्या.

"हलू नको वं," नानाजी म्हणायचे.

एकदा काडी धरल्या धरल्या त्या म्हणाल्या, "माया फोटू कवा काढसान?"

"काढू ना. हा टोळ उडून जाईन, तू कुठी उडून चालली?"

त्या हसल्या, पण हात हलवला नाही. हे असं कितीदा तरी झालं. मला त्यांचं वाईट वाटायचं.

बरं, फोटोत नुसता टोळ दिसावा म्हणून नानाजी काचेच्या निगेटिव्हवर वहिनींच्या बोटांवर लाल रंग भरायचे. रंग भरला की तेवढी जागा कागदावर कोरी उमटते. एवढे फोटो झाले, वहिनी एकातही नाहीत.

*

त्या काळी माणूस गेल्यावर त्याला खुर्चीत बसवून फोटो काढून घ्यायची रीत होती. बोलावणं आलं की नानाजी जायचे, पण घरच्यांना रागवायचे. "जित्ता होता तवा काहून नाही आणलं गा दुकानात?"

*

उन्हाळ्यात वहिनी तापानं गेल्या. आम्ही कॅमेरा मांडून दिला. नानाजी फडक्याखाली शिरले आणि तसेच बाहेर आले. फोटो काढला नाही. त्यांना रागवायला कुणी नव्हतं.

तेराव्यानंतर त्यांनी टोळाच्या काचा बाहेर काढल्या. ओल्या कापसानं लाल रंग पुसत बसले. एकेक बोट परत दिसायला लागलं. एका काचेवर अंगठा अगदी स्पष्ट होता, विळीच्या जुन्या खुणांसकट. मग त्यांनी ब्रश घेतला आणि यावेळी टोळावर लाल रंग भरला.

तो अंगठा त्यांनी हातभर मोठा छापला, चौकटीत बसवला आणि दर्शनी भिंतीवर हार घालून लावला.

काही दिवसांनी कामठीचं एक गिऱ्हाईक आलं. चौकटीजवळ जाऊन त्या रेघा निरखून बघू लागलं.

"नानाजी, हा कोणता किडा जी?"

नानाजी भाता पुसत होते. "किडा नाही जी," ते म्हणाले. "मायी घरची आहे."