आधी काट्यावर चढवा

आशालता घरतला आयुष्यात फारशा गोष्टींचा राग येत नाही, पण कुणी अंदाजानं आकडा ठोकून दिला की तिचं डोकं फिरतं. भेंडी नुसती हातात तोलून भाजीवाला 'अर्धा किलो भरेल, ताई' म्हणाला, की ती 'तराजूत टाका' म्हणते आणि टाकेपर्यंत जागची हलत नाही. वय शेचाळीस, मुक्काम रोडपाली. लग्न केलं नाही. का नाही केलं, असं विचारणाऱ्या बायकांना 'तुम्ही का केलं?' असं ती इतक्या गंभीरपणे विचारते की विषय तिथंच मिटतो. एकोणीस वर्षं ती कळंबोलीतल्या एका छोट्या कंपनीत प्रोग्रामर आहे. कंपनी वजनकाट्यांचं सॉफ्टवेअर करते. ट्रक काट्यावर चढला की वजन स्क्रीनवर येतं आणि पावती छापली जाते, त्यामागचा बराचसा कोड आशालतानं लिहिलेला आहे.

अशा बाईच्या पुढ्यात जूनमध्ये एक फॉर्म आला. त्यात प्रश्न एकच होता: एआय सहायकामुळे या महिन्यात तुमचा किती टक्के वेळ वाचला? त्याखाली आकडा लिहायला एक चौकोन होता. तो आकडा कसा काढायचा, याबद्दल अवाक्षर नव्हतं.

कोड लिहून देणारा तो सहायक फेब्रुवारीपासून सगळ्यांच्या मशीनवर आला होता. फॉर्ममागचं कारण मात्र मॅनेजर सत्यजीतनं मीटिंगमध्ये सरळ सांगून टाकलं. सत्यजीत खारघरचा, तिशीतला, मनानं वाईट नाही, फक्त त्याच्या मानेवर पुण्याच्या मालकांचा हात आहे. तीन महिने फॉर्म भरायचे. टीममध्ये पाच माणसं. सगळ्यांची सरासरी चाळीस टक्क्यांवर गेली तर तिसऱ्या महिन्यानंतर पाचातल्या दोन खुर्च्या कमी होणार, आणि ज्यांचा वेळ सगळ्यात कमी वाचला त्यांच्या होणार.

म्हणजे पाहा काय पेच होता. लहान आकडा लिहावा तर आपण जाणार, मोठा लिहावा तर सरासरी वर चढून कुणीतरी दोघं जाणारच. पाचही जणांनी मान खाली घालून मोठे आकडे लिहिले. आशालतानंही लिहिला, तीस टक्के. आणि लाज वाटण्याची गोष्ट ही की तिला तो खरा वाटला.

लाज का, ते कळायला तिच्या बापाकडे जायला हवं. बुधाजी घरत लोखंड बाजारातल्या एका काट्यावर तीस वर्षं पावत्या लिहीत होते. तिथली रीत अशी की सकाळी रिकामी गाडी एकदा काट्यावर चढवायची, आणि ते रिकामं वजन त्या गाडीच्या दिवसभराच्या सगळ्या खेपांच्या भरल्या वजनातून वजा धरायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा चढवायची. लाइन लांब झाली की ड्रायव्हर खिडकीतून ओरडायचे, रोजचीच गाडी आहे, कालचंच वजन लिहा. बुधाजी मान वर न करता एवढंच म्हणायचे, "चढव." ओळखीचा असो, भाऊबंद असो, गाडी चढल्याशिवाय त्यांचं पेन कागदाला लागत नसे.

आशालतानं डिप्लोमा करून पहिला प्रोग्राम लिहिला तो याच काट्यासाठी. पोरगी बापाच्या पोटावर पाय देणार, असं आळीत बोललं गेलं. बुधाजींनी वाद घातला नाही. त्यांनी चाळीस पावत्या हातानं लिहिल्या, चाळीस लेकीला कॉम्प्युटरवर काढायला लावल्या आणि मनगटावरचं घड्याळ टेबलावर काढून ठेवलं. कॉम्प्युटर निम्म्याहून कमी वेळात सुटला. बुधाजी उठले, लेकीला खुर्ची दिली आणि आळीतल्या लोकांना सांगितलं की मशीन पुढं हाय, मी सोता बघितलं. तेव्हा आशालता यंत्राला घाबरणाऱ्यांतली आहे असं कुणी समजू नये. यंत्राला नोकरीवर घेणारी तीच होती.

तर जूनमधल्या एका संध्याकाळी जेवताना तिनं बुधाजींना कौतुकानं सांगितलं, की बाबा, आता रोजचे दोन-अडीच तास वाचतात. बुधाजींनी जवळ्याच्या चटणीतून मान वर काढली.

"मंग घरी लवकर का नाय येत?"

तिचा घास हातातच राहिला. खरंच की. ती पूर्वीही सातला निघायची, आताही सातलाच निघत होती. काम तेवढंच होतं, माणसं तेवढीच होती. वाचलेले दोन तास गेले कुठं?

"लोक काय खोटं बोलतात का, बाबा? ऑफिसात सगळ्यांनाच तसं वाटतं."

"डायवर खोटं नाय बोलत गो," बुधाजी म्हणाले. "त्याला तसंच वाटतं. म्हनून तर काटा हाय."

त्या रात्री आशालता स्वतःवर जेवढी चिडली तेवढी ती आजवर कुणावर चिडली नसेल. काटेवाल्याची लेक असून तिनं ड्रायव्हरच्या तोंडचं वजन लिहिलं होतं, आणि ड्रायव्हर ती स्वतःच होती.

दुसऱ्या दिवसापासून तिनं वहीच उघडली. काम हातात आलं की आधी लिहायचं, हे मला एकटीला किती मिनिटं लागतील. मग नाणं उडवायचं. छापा आला तर सहायक वापरायचा, काटा आला तर स्वतःच्या हातानं करायचं, आणि नाण्याशी हुज्जत घालायची नाही. मोबाइलवर घड्याळ लावायचं. काम तपासून, पक्कं होऊन हातावेगळं झालं की घड्याळ न बघता लिहायचं, किती वाचल्यासारखं वाटलं, आणि त्यानंतर घड्याळ बघायचं. शेजारच्या टेबलावरची अनुष्का, चोवीस वर्षांची, सुकापूरहून स्कूटीवर येणारी, तिला वाटलं मॅडमना काहीतरी झालंय. रोज टेबलावर नाणं टणटणत होतं.

सहा आठवड्यांत तीस कामं झाली. त्यांतलं एक सांगण्यासारखं आहे. पावत्यांचा जुना रिपोर्ट हळू चालत होता, तो वेगानं चालवायचा होता. छापा आला. सहायकानं चार मिनिटांत देखणा कोड काढून दिला, चाचण्याही सगळ्या पास. आशालता खूश होऊन चहा घ्यायला उठणार, तेवढ्यात तिला एका गाडीच्या तीन खेपांतल्या दोन गायब दिसल्या. तिन्ही नोंदींत रिकामं वजन किलोपर्यंत सारखंच, म्हणून सहायकानं त्या चुकून पुन्हा पडलेल्या नोंदी समजून झाडून टाकल्या होत्या. सकाळचं एकच वजन दिवसभर चालतं, ही बाजाराची रीत त्याला कुणी सांगितली नव्हती. कोडमध्ये ती कुठं लिहिलेली नव्हती, आशालताच्या डोक्यात होती. मग आणखी काय काय झाडलंय ते शोधण्यात पावणेतीन तास गेले. हातानं केलं असतं तर तिच्या हिशेबानं दोन लागले असते. आणि गंमत ऐका, घड्याळ बघण्यापूर्वी तिनं वहीत लिहिलं होतं, 'अर्धा तास वाचला.' ती चार मिनिटं तिच्या लक्षात राहिली होती, पावणेतीन तास नाही.

शेवटी बेरीज केली. हातानं केलेल्या चौदा कामांत तिनं आधी लिहिलेली मिनिटं घड्याळाशी जवळपास जुळली होती, म्हणजे ती धरायला हरकत नव्हती. सहायकाबरोबर सोळा कामं झाली होती. त्यांतली अकरा तिच्या ओळखीच्या जुन्या कोडमधली. त्यांत पाव वेळ वाचला असं तिला वाटलं होतं, आणि प्रत्यक्षात पाचवा हिस्सा जास्त लागला होता. उरलेली पाच कामं तिनं पूर्वी कधीच न केलेली, नव्या प्रिंटरची, मोबाइलच्या पानांची. त्यांत मात्र सहायकानं खरोखर निम्मा वेळ वाचवला होता. तिनं दोन्ही आकडे लिहिले. जो आपल्या बाजूचा नाही तोही काट्यावर चढला पाहिजे, नाहीतर काट्याला अर्थ काय? तिसऱ्या महिन्याच्या फॉर्मवर मात्र एकच चौकोन होता. नवी कामं छोटी होती, त्यामुळं सगळी मिनिटं धरून तिथं आकडा बसत होता: वजा चार.

तिसऱ्या महिन्याची मीटिंग झाली तेव्हा सत्यजीतनं शीट भिंतीवर लावली. पंचावन्न, साठ, पन्नास, पासष्ट आणि वजा चार.

"आशालता मॅडम," तो म्हणाला, "तुम्ही पहिल्या महिन्यात तीस लिहिलं होतं."

"ते चुकलं होतं. अंदाज होता."

"हे असं पुण्याला पाठवता येणार नाही. तुमचा चौकोन रिकामा ठेवू का? अपवाद म्हणून?"

"रिकामी गाडीसुद्धा काट्यावर चढते, सत्यजीत. माझा चौकोन रिकामा ठेवायचा नाही."

सत्यजीतनं आवाज खाली आणला. त्याला खरंच वाईट वाटत होतं. "अहो, यादी लागली तर तुमचं नाव पहिलं येईल. एकोणीस वर्षं झाली तुम्हाला. साठ लिहा, मी पुढचं बघतो."

"मी साठ लिहिले तर माझ्याऐवजी दुसरं कुणी जाईल. तेही अंदाजानंच." तिनं वही त्याच्यापुढं सरकवली. "ही माझी तीस कामं. तारीख, वेळ, सगळं आहे. खोडून दाखवा. आणि या चौघांना विचारा, त्यांचा आकडा कुठून आला."

"म्हणजे हे चौघं खोटं बोलतात?"

"नाही. त्यांना तसंच वाटतं. मलाही वाटत होतं."

दोघांनी लॅपटॉपमध्ये डोकं घातलं. एक जण बाटलीतलं पाणी प्यायला लागला. मग अनुष्का, जिचा पासष्ट होता, सगळ्यात वरचा, सगळ्यात सुरक्षित, ती खुर्चीतच सरळ होऊन बसली.

"सर, माझा आकडा मी असाच टाकला होता," ती म्हणाली. "मला माहीत नाही किती वाचला. कमी दिसायला नको, म्हणून टाकला. तो काढून टाका."

सत्यजीतनं तिच्याकडे पाहिलं, शीटकडे पाहिलं. पासष्ट गेले की चौघांची सरासरी चाळीसच्या कडेवर येऊन टेकत होती, आणि उरलेले तीन आकडे कुठून आले ते आता खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. त्यानं पासष्ट पुसले. वजा चार तसेच ठेवले.

"मी पाठवतो," तो शेवटी म्हणाला. "पण पुण्याचा काही भरवसा नाही. ते आकड्यांचं कारण विचारणार नाहीत, नावं विचारतील."

"विचारू देत," आशालता म्हणाली. "माझं नाव पहिलं घाला, माझी हरकत नाही. पण आधी पाचही जणांना महिनाभर काट्यावर चढवा. त्यात मी हलकी निघाले तर माझी मी उठेन. अंदाजानं मी या खुर्चीवरून उठणार नाही."

ती आपल्या टेबलाशी आली तेव्हा अनुष्का पर्समध्ये सुट्टे शोधत होती. आशालतानं नवं काम उघडलं. वजनाच्या पावतीवर गाडीचा फोटो छापायचा होता. 'एकटीला नव्वद मिनिटं,' तिनं वहीत लिहिलं आणि नाणं उडवलं. छापा आला. तिनं घड्याळ लावलं आणि मुकाट्यानं सहायक उघडला.