डोमितिलाचं कपाळापासून वरचं

डोमितिला माणसाचं तोंड नंतर बघायची, आधी डोकं. डोकं कुरळं असलं की तिच्या कपाळाला आठी पडलीच. सांतो दोमिंगोच्या विया कोन्सुएलो वस्तीत तिचं पार्लर होतं. काळ्या बायकांचे 'वाईट केस' मलम, रोलर आणि ड्रायरखाली भाजून सरळ करायचे, हा तिचा धंदा. गिऱ्हाइकाच्या तोंडावर म्हणायची, "हे डोकं आहे की भांडी घासायचा काथ्या? बस, माणसात आणते." बायका खाली मान घालून बसायच्या आणि पुढच्या शनिवारी पुन्हा यायच्या. कीव करावी तर कोणाची, हा प्रश्नच होता.

तिची स्वतःची पोरगी यामिलेत मात्र केस जसे उगवतील तसे ठेवून हिंडायची आणि चित्रं काढायची. दोन्हींचा डोमितिलाला सारखाच तिटकारा.

त्या शनिवारी दोन्या नेरेइदा या जुन्या गिऱ्हाइकानं ड्रायरखालूनच बातमी दिली, "तुझ्या पोरीचं प्रदर्शन आज दुपारीच उघडलं ना? आपल्या केसांवरच आहे म्हणे सगळं. मधल्या भिंतीवरच तुझं चित्र लावलंय, केवढं मोठं!"

डोमितिलाच्या हातातला कंगवा थांबला. तिचे मूळचे केस नवऱ्यानंसुद्धा कधी पाहिले नव्हते. सोमवारी, दुकान बंद असताना, आरशाकडे पाठ करून, हातमोजे घालून ती स्वतःच मलम चोपडायची, मुळाशी बोटभर कुरळं दिसायच्या आत. आणि आता ते भिंतीवर? पोटच्या पोरीनं केसानं गळा कापला, असं तिला वाटलं.

ती तशीच निघाली, डोक्याला रोलर लावलेले. शनिवारी संध्याकाळी चार लोकांत जायचं तर दिवसभर रोलर हवेतच, वस्तीतल्या सगळ्याच बायकांची ही रीत. रस्त्यात कोणी वळूनही पाहिलं नाही. प्रदर्शनाच्या गॅलरीत मात्र एक परदेशी बाई कॅमेरा घेऊन पुढे आली आणि तोडक्यामोडक्या स्पॅनिशमध्ये विचारू लागली, "तुम्ही प्रदर्शनाचाच भाग आहात का?"

"मी शनिवारचा भाग आहे, बाई. सरका."

आत छतापासून वेण्या लोंबत होत्या. गळलेल्या केसांचा एक गुंता काचेच्या पेटीत होता. डोमितिलानं नाक मुरडलं. आपल्या मोरीत रोज हेच तुंबतं, आणि ही शिकलेली माणसं पेल्यातल्या वाइनचे घुटके घेत त्यापुढे मान हलवतायत.

मग तिला चित्र दिसलं. ओठाची तुच्छतेची मुरड, गालावरचा तीळ, सगळं हुबेहूब. कपाळाच्या वर मात्र काहीच नव्हतं. कोरं कापड.

"अर्धवट," ती मोठ्यानं म्हणाली. एका अर्थी तिचा जीव भांड्यात पडला होता. "हातातलं काम कधी पुरं केलंयस?"

यामिलेत मागेच उभी होती. "तुझे केस मी कधी बघितलेच नाहीत, आई. कशावरून काढू? तूच काढ." तिनं आईच्या हातात कोळशाची कांडी दिली.

"त्यात काय मोठंसं," म्हणत डोमितिलानं हात उचलला. हात कापडापाशी जाऊन थांबला. बारीक वळ्या की मोठ्या? चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनच्या विधीच्या वेळी, सात वर्षांची असताना, तिच्या आईनं केस सरळ करायला तापलेला कंगवा फिरवला होता. त्याआधीचं काही आठवेना. वस्तीतलं प्रत्येक डोकं तिला डोळे मिटून ओळखता येत होतं, फक्त स्वतःचं तेवढं नाही.

पोरीसमोर तिला पहिल्यांदाच लाज वाटली. परदेशी बाईचा कॅमेरा मागे टिकटिकत होता. तिनं वळून यामिलेतकडे पाहिलं, तोंडाकडे नाही, डोक्याकडे, नेहमीसारखंच. फक्त या वेळी बराच वेळ पाहिलं. मग पार्लरमध्ये धरायची तशी तिची हनुवटी धरून उजेडाकडे वळवली.

"हलू नकोस," ती म्हणाली आणि कापडावर पहिली वळी काढली. "वाकडंतिकडं आलं तर दोष तुझ्या डोक्याचा."