कपाटात वाचणारी बाई

त्या घरात आतल्या एकाही दाराला कडी नाही. वडील एकदा न्हाणीघरात चक्कर येऊन पडले. आतून कडी, बाहेरून आईचा आक्रोश, शेवटी दार फोडावं लागलं. वडील वाचले, कड्या मात्र गेल्या. आईनं सुताराला बोलावून घरभरच्या कड्या काढवल्या त्या काढवल्याच. तेव्हापासून न्हाणीघरात जाणाऱ्यानं मोठ्यानं काहीतरी म्हणत राहायचं, असा कायदा झाला. दादा पाढे म्हणतो. एकोणतीसच्या पाढ्याला अडखळला की बाहेरच्यांनी समजायचं, आता साबण लावून झाला. वहिनी पाढेबिढे म्हणत नाही, ती आतूनच स्वयंपाकघर चालवते. “दूध बघा! अहो, दूध! नुसतं बघू नका, गॅस बंद करा!”

अशा घरात शांत कोपरा कुठून मिळणार? म्हणून दादाची बहीण कपाटात बसते.

तिला दादा लहानपणापासून ‘रेडिओ’ म्हणतो, कारण एकदा ऐकलेला माणूस ती हुबेहूब काढते. पोस्टमन, दाताचे डॉक्टर, समोरच्या गॅलरीतल्या भांडखोर काकू, सगळे तिच्या गळ्यात भाड्यानं राहतात. वडील गेले तेव्हा “आईकडे आता जरा तू बघ” असं ठरलं. त्या ‘जरा’ला पुढे कुणी हात लावला नाही. रेडिओचे केस पिकायला लागले तरी ते ‘जरा’ चालूच. आई पुढच्या खोलीत खुर्चीवर, गुडघ्यांवर शाल. दर थोड्या वेळानं हाक येते, “अगं ए, आहेस ना?” काही हवं असतं असं नाही. नुसती हजेरी. रेडिओ औषधाच्या दुकानात गेली तरी हाकेच्या भीतीनं अर्धी पावलं पळत येते. दुकानदार तर पुडी बांधायच्या आधीच म्हणतो, “जा जा, आई वाट बघत असतील.” सगळ्या गावानं जणू तिला घरी पोचवायचा मक्ता घेतलाय.

पण गेली काही वर्षं ती पुस्तकं वाचून पाठवते. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी एक ऐकायच्या पुस्तकांचं ग्रंथालय आहे, तिथे. मधल्या खोलीतल्या लाकडी कपाटात पांघरुणं टांगलेली असतात, त्यांच्यामध्ये स्टूल टाकून, दार ओढून घेऊन, गुडघे हनुवटीशी आणून ती वाचते. माइकची वायर फटीतून बाहेर येते आणि बाहेरच्या टेबलावरच्या जुन्या कॉम्प्युटरला लागते.

आणि आता त्या ग्रंथालयात एक जागा निघाली होती. पगारी. त्यांच्या स्टुडिओत जाऊन वाचायचं, रोज अकरा ते पाच. शुक्रवारपर्यंत एका प्रकरणाचा नमुना पाठवायचा होता. पगाराचं रेडिओला कौतुक होतंच, पण त्या ‘अकरा ते पाच’नं तिला वेड लावलं. भाजी चिरतानाही ती पुटपुटायची, “अकरा ते पाच. अकरा ते पाच.”

वहिनी म्हणाली, “वन्सं, घड्याळ गिळलंत काय?”

पहिला नमुना पाठवला आणि ग्रंथालयाच्या बाईंचा फोन आला. बाई इतक्या हळू बोलायच्या की ऐकणाऱ्यालाच अपराधी वाटावं.

“आवाज छानच आहे हो तुमचा. फक्त, विचारू का? तुमच्याकडे पिठाची गिरणी आहे का?”

गिरणी नव्हती. कॉम्प्युटर होता. दादाच्या ऑफिसनं तो भंगारात काढला तेव्हा दादानं उचलून आणला. “अजून चालतोय म्हणजे चालतोय, फेकतात काय!” पण चालायला लागला की त्याचा पंखा असा घरघरायचा, की कपाटातली पांघरुणं थरथरावीत. रेडिओनं दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याला सगळे ‘डॉक्टर’ म्हणतात आणि त्यानंही ते फार मनावर घेतलंय.

“पेशंट कुठाय?” डॉक्टरनं दारातूनच विचारलं. खोक्याला कान लावून डोळे मिटले. “कधीपासून होतंय? सकाळी जास्त की जेवणानंतर?”

“लावल्यापासून बंद करेपर्यंत,” रेडिओ म्हणाली.

“हं. पंखा ठणठणीत आहे. अंगावरचं ओझं झेपत नाहीये. ह्याला चालवणारं लिनक्स मीच आत टाकलं होतं, तेव्हा ते सडपातळ होतं. दर वर्षी नवनवीन आवृत्त्या घेऊन घेऊन सुटलंय. पडद्यावर खिडकी उघडायची तर आधी गिरकी घेणार, मग उघडणार. ह्या वयात गिरक्या? धाप लागणारच. पथ्याचं द्या.”

“म्हणजे काय देऊ?”

“दुसरं लिनक्स. लिनक्स काय एकच असतं? खंडीभर प्रकार आहेत. हे हलकं आहे, नखरे नाहीत, जुन्या हाडांना मानवतं.” त्यानं खिशातून पेनड्राइव्ह काढला. “हा लावून चालू करा. आतलं काही हलत नाही. पाहुणा म्हणून येतो. पटला तर ठेवून घ्यायचा, नाही पटला तर पेनड्राइव्ह काढा, गेला!”

“माझं ऐकशील तर,” दादा म्हणाला. दादाची सगळी वाक्यं इथूनच निघतात. “माझं ऐकशील तर आहे ते बरं आहे. चालत्या गाड्याला खीळ कशाला?”

“गाडा चालत असता तर मी आलो असतो का?” डॉक्टर जिना उतरता उतरता म्हणाला आणि खालून ओरडला, “एवढंच लक्षात ठेवा, पाहुण्याला आठवण राहत नाही! बंद केलात की सगळं विसरतो!”

रेडिओनं ते ऐकलं. पण बंद करतंय कोण, असं म्हणून सोडून दिलं.

पेनड्राइव्ह लावला. काळा पडदा, पांढऱ्या अक्षरांची रांग, मग एक साधंसुधं करडं पान. मेन्यू दुसऱ्याच कोपऱ्यात, चित्रं बारकी. माइक आधी दिसेचना, आवाजाच्या खिडकीत दोन नावं होती, दुसरं निवडलं तेव्हा हिरवी रेघ हलली. आणि मग तिच्या लक्षात आलं, की काहीतरी नाहीसं झालंय. पंखा फिरत होता, पण घरघर नव्हती. खोक्याला कान लावावा तर झोपलेल्या माणसाचा श्वास.

“बिघडला काय?” वहिनी धावत आली.

“नाही. सुधारला.”

शुक्रवार उद्यावर आलेला. रेडिओ कपाटात शिरली, हेडफोन घातले आणि वाचायला लागली. गोष्ट होती समुद्रातल्या खडकावरच्या दीपगृहाच्या राखणदाराची. त्याला भेटायला येणारा साहेब सारखा सल्ले देतो, त्याला तिनं दादाचा आवाज दिला. बरोबरचा आचारी कायम करवादतो, त्याला वहिनीचा. प्रकरण संपलं. ती कपाटातच बसून ते परत ऐकायला लागली, आणि राखणदार शिडी चढतो तिथे रेकॉर्डिंगमध्ये मागून वहिनी ऐकू आली. खरी वहिनी. स्वयंपाकघरातली.

“त्या गेल्या तर आईंचं कोण बघणार? मी? मला दोनच हात आहेत.”

मग दादा, तोंडात घास असल्यासारखा. “जाते कुठे! ती घरघर काय थांबायची नाय. नापास झाली की बसेल आपोआप गप्प. मी कशाला वाईट होऊ?”

घरघर थांबली होती म्हणूनच हे ऐकू आलं होतं. रेडिओ पांघरुणांच्या मध्ये बसून राहिली. कपाटात हलायला जागा नसते, त्यामुळे राग आला तरी तो नीट येत नाही, नुसते गुडघे दुखतात. एवढंच तिनं ठरवलं, ते बोलणं तेवढं कापायचं आणि नमुना पाठवायचा.

“अगं ए, आहेस ना?”

“आहे, आई!”

ती उठून पुढच्या खोलीत गेली, शाल सारखी केली, पाणी दिलं. परत आली तर टेबलापाशी अंधार. दादा तिथून गेला होता. दादाला जाता जाता भिंतीवरची बटणं बंद करायची सवय आहे. ज्या खोलीत माणूस नाही त्या खोलीत वीज नाही, हा त्याचा बाणा, आणि कपाटातला माणूस तो मोजत नाही.

पाहुणा सगळं विसरला. प्रकरण गेलं, राखणदार गेला. दादा-वहिनीही गेले.

“मला काय माहीत?” दादा म्हणाला. “माणूस दिसला नाही, मी बटण पाडलं. पुन्हा वाच! तुला काय, तोंडानं तर बोलायचंय.”

“पुन्हा वाचीनच,” रेडिओ म्हणाली. “पण आधी ह्याला आत घेते. उद्या तू बटण पाडलंस तरी ह्याला आठवलं पाहिजे.”

पेनड्राइव्हवरचं नवं लिनक्स कॉम्प्युटरमध्ये बसवायला घेतलं, तर त्यानं विचारलं, जुनं पुसून टाकू की शेजारी राहू? जुन्यात दादाचा पत्त्यांचा खेळ होता. तिनं शेजारी निवडलं. लगेच एक आडवा पट्टा आला, कुणाला किती जागा द्यायची ते सरकवून ठरवा.

दादा खांद्यावरून वाकला. “ही वाटणी आहे! माझ्या डोळ्यांदेखत वाटणी!”

“तुझ्या पत्त्यांना एवढी पुरे ना?”

“माझं ऐकशील तर अर्धी-अर्धी कर. उद्या भानगड नको.”

तिनं अर्धी-अर्धी केली. यंत्रानं विचारलं, पासवर्ड? ह्या घरात कशालाच कधी कुलूप लागलेलं नव्हतं. तिनं तो लिहिला, बोटं झाकून. वहिनीनं मान लांब केली, पण उशीर झाला होता.

शुक्रवारी सकाळी रेडिओनं सगळ्यांना पुढच्या खोलीत आईजवळ बसवलं. “मी बाहेर येईपर्यंत कुणी बोलायचं नाही.” असलं वाक्य तिनं त्या घरात आजवर उच्चारलं नव्हतं, म्हणून ते सगळ्यांनी ऐकलं. दादा तर श्वासही बेतानं घेत होता. आईनं मध्येच “अगं ए,” म्हणून सुरुवात केली, तर वहिनीनं तिच्या हातात पाण्याचा पेला दिला.

नमुना गेला. सोमवारी बाईंचा फोन आला. रेडिओचे हात ओले होते म्हणून वहिनीनं तो उचलून मोठ्या आवाजावर लावला. बाईंनी आधी नमुन्याचा एक तुकडाच वाजवून दाखवला, इतका त्यांना आवडला होता. खडकावर आलेला साहेब राखणदाराला सल्ला देत होता.

“हा माणूस शहाणा दिसतोय,” दादा कौतुकानं म्हणाला. “पटतं ह्याचं.”

वहिनीनं पदर तोंडाला लावला.

“निवड झाली तुमची,” बाई हळूच म्हणाल्या. “आणि एक आनंदाची गोष्ट. इतकं स्वच्छ रेकॉर्डिंग घरून येतंय, तर वरच्यांचं म्हणणं पडलं, तुम्हाला स्टुडिओत कशाला दमवायचं? पगार तोच. घरीच बसून वाचा.”

“अरे वा!” दादा ओरडला. “घरबसल्या! हो हो, बाई, वाचेल ती घरूनच!”

“खालचा कप्पा रिकामा करून देते, वन्सं,” वहिनी म्हणाली. “पाय लांब करता येतील.”

पुढच्या खोलीतून आई म्हणाली, “चांगलं झालं गं. कुठे जायला नको.”

तिघंही मनापासून खूश होते, तीच पंचाईत. रेडिओ ओले हात तसेच धरून उभी राहिली. हलकं लिनक्स बसवलं, वाटणी केली, घर गप्प केलं, पंखा गप्प केला, सगळं इतकं चोख केलं की आता कपाटातून बाहेर पडायला कारणच उरलं नाही. पोस्टमन, दाताचे डॉक्टर, समोरच्या काकू, एवढे लोक गळ्यात, पण असल्या वेळी काय म्हणायचं ते त्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं.

“हॅलो? आहात ना?” बाईंनी विचारलं.

“आहे,” रेडिओ म्हणाली. “घरी वाचता येतं, बाई. पण मी घरी वाचणार नाही.”

“काही अडचण आहे का तिकडे?”

दादा डोळे मोठे करून ‘नाही म्हण, नाही म्हण’ अशी मान हलवत होता.

“अडचण काही नाही. मला बाहेर पडायचंय.”

“विचारून बघते,” बाई म्हणाल्या. फोन बंद झाला.

“हातचं घालवलंस!” दादा म्हणाला. “माझं ऐकशील तर आत्ताच्या आत्ता उलट फोन लाव.”

तिनं लावला नाही. सबंध आठवडा कुणी तिच्याशी धड बोललं नाही. वहिनी भांडी जरा जोरानं ठेवायची, आईच्या हाका वाढल्या आणि रेडिओ प्रत्येक हाकेला “आहे” म्हणत राहिली. कपाटात मात्र ती बसली नाही. फोन वाजला की तिचे कान उभे राहायचे. कधी दादाच्या ऑफिसातलं कुणी असायचं, कधी वहिनीची बहीण.

मग बाईंचा फोन आला. रोजचं नाही जमणार, स्टुडिओत माणसं भरपूर आहेत. मंगळवारी आणि शुक्रवारी एक खुर्ची रिकामी असते. बाकीचे दिवस घरून. चालेल का?

“चालेल,” रेडिओ म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

“मंगळवार आणि शुक्रवार,” तिनं घराला सांगितलं. “अकरा ते पाच. त्या वेळात आईकडे तुम्ही बघायचं.”

दादानं वहिनीकडे पाहिलं, वहिनीनं दादाकडे.

“तुम्ही म्हणजे,” दादानं विचारलं, “नक्की कोण?”